विश्लेषण : विसाव्या शतकातील सर्वांत मोठा तर्कशास्त्रज्ञ उपासमारीने का गेला? कुर्ट गोडेल आणि वृद्धापकाळातील कुपोषण

घरात पैसा होता, गावात चांगले डॉक्टर होते, दुकानांत अन्न होते. तरीही प्रिन्स्टनमध्ये १९७८ साली कुर्ट गोडेल यांचा मृत्यू कुपोषणाने झाला. त्यांचे जेवण एकाच व्यक्तीवर अवलंबून होते आणि ती व्यक्ती रुग्णालयात होती. वृद्धांच्या कुपोषणाची कारणे समजून घ्यायची असतील, तर गोडेल यांचे आयुष्य पुन्हा वाचायला हवे.

१४ जानेवारी १९७८. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या प्रिन्स्टन येथील रुग्णालयात ७१ वर्षांच्या एका गृहस्थांचे निधन झाले. त्यांचे वजन होते ६५ पौंड, म्हणजे साडेएकोणतीस किलोच्या आसपास. आपल्याकडे चौथी-पाचवीतल्या मुलाचे वजन साधारण एवढे असते. मृत्यूच्या दाखल्यावर कारण नोंदवले गेले ते कुपोषण आणि अन्नाअभावी आलेली क्षीणता. त्यामागे व्यक्तिमत्त्वातील बिघाड असल्याचेही त्यात नमूद होते.

हे गृहस्थ म्हणजे कुर्ट गोडेल. अॅरिस्टॉटलनंतरचा सर्वांत मोठा तर्कशास्त्रज्ञ म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. संगणकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांचे प्रमेय अभ्यासक्रमात भेटते आणि बहुतेक वेळा एखाद्या तासात उरकले जाते. प्रमेय मांडणाऱ्याचा शेवट कसा झाला, हे मात्र त्या तासात सांगितले जात नाही.

कोण होते कुर्ट गोडेल?

गोडेल यांचा जन्म २८ एप्रिल १९०६ रोजी ब्रून या गावी झाला. तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होते. आज झेक प्रजासत्ताकातील ब्रनो म्हणून ते ओळखले जाते. वडील कापड उद्योगात होते आणि घरची स्थिती उत्तम होती. हा मुलगा दिवसभर इतके प्रश्न विचारायचा, की घरच्यांनी त्याचे नावच ‘श्रीयुत का’ असे पाडले होते. थोरला भाऊ रुडॉल्फ पुढे डॉक्टर झाला.

१९२४ मध्ये कुर्ट व्हिएन्ना विद्यापीठात दाखल झाले. सुरुवात भौतिकशास्त्राने झाली, नंतर ते गणिताकडे आणि तिथून तर्कशास्त्राकडे वळले. १९३१ मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्यांचा अपूर्णतेच्या प्रमेयांचा निबंध प्रसिद्ध झाला.

हे प्रमेय सोप्या शब्दांत असे सांगता येईल. अंकगणित मांडता येईल इतकी सक्षम आणि आतून विसंगती नसलेली कोणतीही नियमावली घेतली, तरी त्या नियमांनी जे सिद्धही करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही, असे एखादे विधान त्यात उरतेच. शिवाय आपल्यात विसंगती नाही, हे ती नियमावली स्वतःच्याच बळावर सिद्ध करू शकत नाही. सगळे गणित एका पक्क्या पायावर उभे करण्याचे जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्ट यांचे स्वप्न या निबंधाने मोडले. अॅलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये संगणनाच्या मर्यादांवर जे मूलभूत काम केले, त्याची वाटही इथूनच निघाली.

अन्नाची भीती कधीपासून?

लहान असताना गोडेल यांना ऱ्हुमॅटिक ताप आला होता. त्यातून ते बरे झाले. पण हा आजार हृदयाच्या झडपांना इजा करू शकतो, हे त्यांनी काही काळाने पुस्तकात वाचले आणि आपले हृदय कायमचे अधू झाले आहे अशी त्यांची खात्री पटली. डॉक्टरांना तसे काही आढळले नाही, तरी ती खात्री गेली नाही. आपल्या शरीराबद्दल डॉक्टरांपेक्षा आपल्याला जास्त कळते, हा समज तेव्हापासून त्यांच्यासोबत राहिला.

प्रमेय गाजल्यानंतर अमेरिकेतून निमंत्रणे आली. १९३३-३४ मध्ये प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अॅडव्हान्स्ड स्टडी या नव्या संस्थेत ते राहून आले. परतल्यावर त्यांना मानसिक त्रास सुरू झाला आणि १९३४ मध्ये व्हिएन्नाजवळच्या आरोग्यधामात दाखल व्हावे लागले. पुढची दोन-तीन वर्षे हे चक्र थांबले नाही.

त्यातच २२ जून १९३६ रोजी त्यांचे गुरू, तत्त्वज्ञ मॉरिट्झ श्लिक यांची व्हिएन्ना विद्यापीठाच्या जिन्यावर एका माजी विद्यार्थ्याने गोळ्या झाडून हत्या केली. या धक्क्याने गोडेल पुन्हा कोसळले आणि अनेक महिने आरोग्यधामात होते. अन्नात कुणीतरी विष कालवेल, ही भीती याच काळात ठळक झाली. ते जेवेनासे झाले.

आडेल यांची भूमिका काय होती?

गोडेल यांना या काळातून बाहेर काढले ते आडेल यांनी. त्या गोडेल यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या, घटस्फोटित आणि व्हिएन्नातील एका नाइट क्लबमध्ये नर्तकी म्हणून काम केलेल्या होत्या. गोडेल कुटुंबाला हे नाते मान्य नव्हते. आडेल यांचे शिक्षण बेताचे होते आणि नवऱ्याचे गणित त्यांना कळत नव्हते. विद्वानांच्या वर्तुळात त्यांच्याकडे बरेचदा तुच्छतेने पाहिले गेले.

पण हा माणूस जेवेल कसा, हे त्यांना कळत होते. आरोग्यधामात त्या ताटातला घास आधी स्वतः चाखायच्या आणि मग गोडेल तो खायचे, असे त्यांच्या चरित्रांत नोंदलेले आहे. सप्टेंबर १९३८ मध्ये दोघांचा विवाह झाला. तोपर्यंत ऑस्ट्रिया हिटलरच्या जर्मनीत विलीन झाला होता. १९३९ मध्ये व्हिएन्नाच्या रस्त्यात नाझी तरुणांच्या टोळक्याने गोडेल यांना ज्यू समजून घेरले, तेव्हा आडेल यांनी हातातल्या छत्रीने त्यांना पिटाळले.

युद्ध सुरू झाल्याने अटलांटिक महासागराचा मार्ग धोक्याचा होता. म्हणून जानेवारी १९४० मध्ये हे दाम्पत्य उलट्या दिशेने निघाले. ट्रान्स-सायबेरियन रेल्वेने रशिया ओलांडून, जपानमधील योकोहामा बंदरातून पॅसिफिकमार्गे ते मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचले आणि तिथून प्रिन्स्टनला. या गावातच दोघांचे उर्वरित आयुष्य गेले.

प्रिन्स्टनमध्ये काय बदलले?

बाहेरून पाहिले तर सारे सुरळीत झाले. १९४६ मध्ये संस्थेचे कायम सदस्यत्व मिळाले, १९५३ मध्ये प्राध्यापकपद. अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्याशी त्यांची घट्ट मैत्री जमली. दोघे रोज संस्थेतून घरी चालत जात आणि उतारवयात आइन्स्टाइन केवळ या सोबतीसाठी कार्यालयात येत, असे सांगितले जाते. १९४९ मध्ये आइन्स्टाइन यांच्या सत्तरीनिमित्त गोडेल यांनी सापेक्षतेच्या समीकरणांचे एक विलक्षण उत्तर मांडले, ज्यातील विश्व स्वतःभोवती फिरते आणि भूतकाळात जाणे तत्त्वतः शक्य असते.

जेवणाची बाजू मात्र सुधारली नाही. फ्रिजमधून विषारी वायू गळतो आहे, असे त्यांना वाटायचे. १९५१ च्या फेब्रुवारीत लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील अल्सरमधून त्यांना मोठा रक्तस्राव झाला. डॉक्टरांकडे जाण्यात त्यांनी उशीर केला होता; रक्त चढवावे लागले, तेव्हा जीव वाचला. त्या काळी अल्सरवर सौम्य, दुधावर भर असलेला आहार हाच मुख्य उपाय मानला जाई. गोडेल यांनी हे पथ्य स्वतःच्या नियमांनी आणखी कडक केले. ते आधीच कमी खात होते, त्यात खाण्यायोग्य पदार्थांची यादीही आखडली. जुलाबाची औषधे ते स्वतःच्या अंदाजाने घेत. उन्हाळ्यातही जाड कोट आणि मफलर घालून फिरणारा कृश माणूस ही प्रिन्स्टनमधली त्यांची ओळख झाली.

अंगावरची चरबी आणि स्नायू कमी झाले की थंडी जास्त वाजते, हे इथे लक्षात घ्यायला हवे. लोकांना जो विक्षिप्तपणा वाटला, त्यातला काही भाग कुपोषणाचे लक्षण असू शकतो.

या सगळ्या काळात त्यांना सावरून धरत होते ते आडेल यांचे स्वयंपाकघर. लिंडन लेनवरच्या घरात त्या त्यांना आवडेल ते, त्यांना चालेल ते करून घालत, समोर बसून खायला लावत. १९५१ नंतर गोडेल आणखी पाव शतक जगले आणि काम करत राहिले, याचे श्रेय मोठ्या प्रमाणात त्यांना जाते.

अखेरच्या वर्षांत नेमके काय घडले?

एखादा मोठा पूल क्वचितच एका तडाख्यात पडतो. आधी एकेक आधार निकामी होतो आणि उरलेल्यांवर भार वाढत जातो. गोडेल यांच्या बाबतीत हेच झाले.

पहिला आधार गेला १९५५ मध्ये. एप्रिलमध्ये आइन्स्टाइन यांचे निधन झाले आणि रोजची ती सोबत संपली. १९७० मध्ये जुन्या भीतीने पुन्हा उचल खाल्ली आणि गोडेल यांचे वजन लक्षणीय घटले. १९७४ मध्ये लघवी अडल्याने रुग्णालयात जावे लागले. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली, पण त्यांनी ती नाकारली. १९७६ मध्ये ते संस्थेतून निवृत्त झाले.

याच सुमारास आडेल यांची प्रकृती ढासळली. पक्षाघाताच्या झटक्यांनी त्यांचे चालणे-फिरणे कमी झाले. ज्या माणसाला आयुष्यभर दुसऱ्याने जेवू घातले, त्याच्यावर आता घर आणि आजारी पत्नी यांचा भार आला.

गोडेल यांचे जुने मित्र, अर्थशास्त्रज्ञ ऑस्कर मॉर्गनस्टर्न, हा आणखी एक आधार होता. व्हिएन्नापासूनची ही ओळख. गोडेल त्यांना वारंवार फोन करत आणि आपल्या तब्येतीच्या, भीतीच्या गोष्टी सांगत. मॉर्गनस्टर्न स्वतः तेव्हा कर्करोगाने अंथरुणाला खिळले होते. २६ जुलै १९७७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्याच उन्हाळ्यात आडेल यांच्या आतड्यावर तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली. त्या वर्षअखेरीपर्यंत रुग्णालयातच होत्या. घरात गोडेल एकटे उरले. आडेल यांनी केलेले किंवा त्यांनी चाखलेले अन्नच ते विश्वासाने खात. आता ते अन्न येणे बंद झाले होते.

या महिन्यांत त्यांच्याकडे कुणीच फिरकले नाही, असे मात्र नाही. तर्कशास्त्रज्ञ हाओ वांग डिसेंबरच्या मध्यावर त्यांना भेटून आले. गोडेल यांची बुद्धी तेव्हाही तल्लख वाटली, असे वांग यांनी नंतर लिहिले. एखादी गोष्ट करायची हा निर्णय आता आपल्याला घेता येत नाही, फक्त नकार देता येतो, अशा अर्थाचे काहीतरी गोडेल त्यांना म्हणाले होते.

डिसेंबरच्या अखेरीस आडेल घरी आल्या. नवऱ्याची अवस्था पाहून त्यांनी त्याला रुग्णालयात जायला राजी केले. २९ डिसेंबरला गोडेल दाखल झाले. सोळा दिवसांनी, खुर्चीत बसलेले असताना, त्यांचे निधन झाले.

उपासमारीचा मनावर काय परिणाम होतो?

गोडेल यांची गोष्ट सहसा अशी सांगितली जाते : मन बिघडले, म्हणून जेवण सुटले. हे खरे आहे, पण अर्धेच. जेवण सुटल्यानेही मन बिघडते.

याचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातून आला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. पण त्याहून लक्षात राहणारी गोष्ट म्हणजे हे धडधाकट तरुण उदास, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले, त्यांना सतत थंडी वाजू लागली आणि डोक्यात ठरावीक विचार घोळत राहू लागले. कोणताही मानसिक आजार नसलेल्या तरुणांचे हे झाले. आधीच भीती आणि नैराश्य असलेल्या सत्तरीच्या माणसाचे काय होईल, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

अभियांत्रिकीच्या भाषेत याला फीडबॅक लूप म्हणता येईल. भीतीमुळे खाणे कमी होते, खाणे कमी झाल्याने भीती वाढते आणि वाढलेल्या भीतीने खाणे आणखी कमी होते. हे चक्र आतून तुटत नाही. कुणीतरी बाहेरून हात घालावा लागतो आणि चाळीस वर्षे तो हात आडेल यांचा होता.

गोडेल यांच्या प्रमेयाशी या शेवटाचा संबंध जोडण्याचा मोह अनेकांना होतो. कोणतीही व्यवस्था स्वतःची सुसंगती स्वतः सिद्ध करू शकत नाही, तसे मनही स्वतःला तपासू शकत नाही, वगैरे. ते प्रमेय औपचारिक नियमावल्यांबद्दल आहे. माणसाच्या भुकेबद्दल ते काहीही सांगत नाही.

वृद्धांचे कुपोषण वेगळे का असते?

कुपोषण म्हटले की आपल्या डोळ्यासमोर लहान मूल येते. वयस्कर माणूस बारीक झाला, तर ते वयोमानाने असेल म्हणून सोडून दिले जाते. इथेच पहिली चूक होते.

वय वाढले की भूक खरोखरच कमी होते. चव आणि वास मंदावतात, पोट लवकर भरल्यासारखे वाटते. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे भरपाई करण्याची क्षमता घटते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तरुण आणि वृद्ध पुरुषांना तीन आठवडे कमी खायला देण्यात आले. नंतर मोकळीक मिळाल्यावर तरुणांनी जास्त खाऊन वजन भरून काढले. वृद्धांनी तसे केले नाही. म्हणजे आजारपणात किंवा दुःखात गेलेले दोन-तीन किलो विशीत आपोआप परत येतात, सत्तरीत आपोआप येत नाहीत.

शिवाय गेलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. वयानुसार होणाऱ्या स्नायूंच्या या झिजेला सार्कोपेनिया म्हणतात. हा शब्द आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये रूढ केला. स्नायू गेले की तोल जातो, पडणे वाढते, जखम भरायला वेळ लागतो, साधा संसर्गही अंगावर येतो. दाखल्यावर अनेकदा न्यूमोनिया किंवा हाडाचे फ्रॅक्चर असे कारण लागते आणि त्यामागचे कुपोषण नोंदवले जात नाही. गोडेल यांच्या दाखल्यावर ते स्पष्ट लिहिले गेले, हा अपवाद.

वृद्धांचे वजन का घटते, हे डॉक्टरांच्या लक्षात राहावे म्हणून अमेरिकेतील वृद्धरोगतज्ज्ञ जॉन मॉर्ली यांनी एक युक्ती शोधली. वृद्धांना घरपोच गरम जेवण देणारी ‘मील्स ऑन व्हील्स’ ही सेवा तिकडे सर्वांना माहीत आहे. त्या नावाच्या प्रत्येक इंग्रजी अक्षराला त्यांनी एकेक कारण जोडले. औषधांचे दुष्परिणाम, नैराश्य, दात आणि गिळण्याच्या तक्रारी, पैशाची चणचण, स्मृतिभ्रंश, थायरॉइड, पचनाचे विकार अशी ही यादी आहे. त्यातील तीन कारणे गोडेल यांची कहाणी वाचलेल्याला लगेच ओळखू येतील : उतारवयातील संशयग्रस्तता, अति पथ्याचा आहार आणि एकटेपण.

यातील बहुतेक कारणांवर उपाय आहेत, म्हणूनच ती यादी केली गेली.

वेळेत कळले असते का?

गेलेल्या माणसाचे निदान आज बसून करणे योग्य नाही. पण नोंदलेल्या घटना घेऊन एक साधा हिशेब करता येतो.

बॉडी मास इंडेक्स म्हणजे किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग. तो १८.५ च्या खाली गेला की वजन कमी मानले जाते. एखाद्याची उंची अगदी पाच फूट धरली, तरी साडेएकोणतीस किलो वजनाला हा आकडा १३ च्याही खाली येतो. उंची वाढेल तसा तो आणखी घसरतो.

आज जगभर वृद्धांसाठी मिनी न्यूट्रिशनल असेसमेंट ही चाचणी वापरली जाते. ती १९९० च्या दशकात तयार झाली, म्हणजे गोडेल यांच्या वेळी नव्हती. तिच्या छोट्या आवृत्तीत सहाच प्रश्न आहेत : तीन महिन्यांत खाणे कमी झाले का, तीन महिन्यांत वजन घटले का, हिंडणे-फिरणे कसे आहे, तीन महिन्यांत मोठा मानसिक ताण किंवा गंभीर आजार झाला का, नैराश्य किंवा स्मृतिभ्रंश आहे का आणि बॉडी मास इंडेक्स किती. एकूण गुण १४. बारा किंवा अधिक असतील तर ठीक, ८ ते ११ म्हणजे धोका, ७ किंवा कमी म्हणजे कुपोषण.

१९७७ च्या अखेरच्या गोडेल यांना यातील चार प्रश्नांवर शून्य मिळते : खाणे, वजन, ताण आणि बॉडी मास इंडेक्स. उरलेल्या दोन प्रश्नांना पूर्ण गुण दिले, तरी बेरीज चारच होते. पण आकड्यांपेक्षा महत्त्वाचे हे, की पत्नी रुग्णालयात गेली त्याच आठवड्यात हे प्रश्न कुणी विचारले असते, तर धोका तेव्हाच दिसला असता. तेव्हा हाताशी पाच-सहा महिने होते.

उशीर झाल्यावर केवळ जेवण समोर ठेवून भागत नाही. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर अन्न दिले, तर रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने घसरतात आणि हृदय बंद पडू शकते. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. त्यामुळे अशा रुग्णाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू अन्नावर आणावे लागते आणि त्यासाठी शरीरात काही शिल्लक असावी लागते.

आपल्या घरात काय पाहावे?

भारतातील वृद्धांच्या मोठ्या राष्ट्रीय पाहणीत, २०१७-१८ मधील ‘लासी’मध्ये, साठीपुढील सुमारे २७ टक्के व्यक्तींचे वजन कमी आढळले. यात गरिबीचा वाटा मोठा आहे. पण गोडेल यांच्यासारखी भरल्या घरातली उपासमार आपल्याकडेही असते. मुले परगावी, जोडीदार गेलेला, एकट्यासाठी कुठे कुकर लावायचा म्हणून चहा-बिस्किटावर भागवलेली रात्र. पाश्चात्त्य डॉक्टर याला ‘चहा-टोस्ट’ आहार म्हणतात.

काही साध्या गोष्टी घरीच करता येतात.

— दर महिन्याच्या पहिल्या तारखेला वजन करून लिहून ठेवावे. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात पाच टक्के वजन घटले, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे तीन किलो, तर डॉक्टरांना दाखवावे.

— वजनकाटा नसेल तर टेपने पोटरीचा घेर मोजावा. तो ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी असणे ही धोक्याची खूण मानली जाते. सैल झालेली अंगठी, बांगडी, कवळी किंवा पट्ट्याला पाडलेले नवे भोक हेही तेच सांगते.

— प्रथिने कमी पडू देऊ नयेत. ज्येष्ठांसाठी दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनांची शिफारस तज्ज्ञ करतात. ५० किलोच्या आजींना ५० ते ६० ग्रॅम लागतील. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम असतात, म्हणजे नुसत्या वरणभाताने हा आकडा गाठणे कठीण. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

— जुन्या पथ्यांचा फेरविचार करावा. पंधरा वर्षांपूर्वी सांगितलेले बिनतेलाचे, बिनमिठाचे जेवण वजन घटत असतानाही चालू ठेवायचे का, हे डॉक्टरांना विचारावे.

— अन्नावर संशय, सततचा नकार, जेवलो असे खोटे सांगणे याला हट्ट समजून वाद घालू नये. हे आजाराचे लक्षण असू शकते. घरात मार्ग सापडत नसेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन निःशुल्क आहे.

आणि शेवटची गोष्ट गोडेल यांच्याच घरातली. वृद्ध जोडप्यातील एकाला रुग्णालयात भरती केले, की सगळी धावपळ त्या खाटेभोवती होते. पेशंटजवळ रात्री कोण थांबणार, हे पहिल्या तासात ठरते. घरी राहिलेल्या दुसऱ्याला उद्यापासून जेवू कोण घालणार, त्याच्यासमोर बसणार कोण, हा प्रश्न बहुतेकदा कुणाच्या यादीतच नसतो. १९७७ च्या जुलैत प्रिन्स्टनमध्येही रुग्ण आडेल होत्या. त्या त्या आजारातून बाहेर आल्या, नवऱ्याचे कागदपत्र त्यांनी संस्थेच्या स्वाधीन केले आणि १९८१ पर्यंत जगल्या. तेव्हा घरी उरलेले गोडेल मात्र सहा महिन्यांत गेले.